कच्चा आवाज

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! खांद्यावर की-बोर्ड, हातात पिशवी आणि आनंद पोटात माईना. ज्या बँडचा पहिला अल्बम लावून लावून मी आईचे कान किटवले, त्याच बँडच्या दुसऱ्या अल्बमवर आता मी वाजवणार. इथे कंपनी नाही, साहेब नाही. गाणी ह्यांची, मशीन ह्यांचं, घरही ह्यांचंच. वर राहायचं, खाली तळघरात रेकॉर्डिंग करायचं.

माणसं इनमीन चार. गाणारी ताई. तिचा नवरा मास्तर, गिटार वाजवतात आणि रेकॉर्डिंगही तेच करतात. ड्रमवाला, जो जेवताना ताटलीवरसुद्धा ठेका धरतो. आणि बेस वाजवणारी अबोली. हे तिचं इथलं टोपणनाव, कारण ती बोलतच नाही, नुसती गोड हसते. म्हटलं, काळजी नको, तिच्या वाटचंही मी बोलेन. ताई घशावर हात ठेवून हसली. तिचा घसा पार बसलाय, पत्रा खरवडल्यासारखं बोलते. अल्बमवरचा तो आवाज हिचाच का, असं वाटून गेलं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असं पहिल्याच दिवशी नको, म्हणून गप्प बसले.

आईला फोन करून सगळं सांगितलं, अगदी जिन्याच्या रंगापासून. तिची नजर गेली तेव्हापासून मी बघते आणि बोलून तिला दाखवते. ती मला टकळी म्हणते. आज म्हणाली, बाई गं, मध्ये श्वास तरी घे.

७ ऑक्टोबर

ह्यांची कामाची तऱ्हा न्यारी. नवं गाणं बसवताना आधी कुणीतरी ते साधंच गाऊन ठेवतं, म्हणजे बाकीच्यांना त्यावर वाजवता येतं. त्याला म्हणतात कच्चा आवाज. वाजवून झालं की तो पुसायचा आणि त्या जागी ताईने गायचं. इतपत सगळीकडेच असतं म्हणा. पण इथे पुसताना सगळ्यांनी हजर राहायचं, चकार शब्द काढायचा नाही, आणि ताईने हेडफोन लावून तो शेवटचा ऐकायचा. का, तर पद्धत आहे. असेल बापडी!

मास्तरांनी विचारलं, कच्चा कोण गाईल? ड्रमवाल्याने मान वळवली, अबोलीने डोळे मिटले. माझा हात वर. हौस दांडगी ना! एखादंच कशाला, म्हटलं, सगळी गाणी मीच गाते. मास्तरांनी ते मला परत म्हणायला लावलं. सगळ्यांसमोर, नीट.

११ ऑक्टोबर

पहिलं गाणं पुसलं. पुसताना घशात गार पाणी उतरावं तसं काहीतरी झालं. मग ताई गायली आणि मी थक्क. घशाची खरखर कुठच्या कुठे! इतकं सुरेख गायली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका चढाच्या जागी ती आवाजाला जराशी मुरड घालते, तशी मीही घालते. आपल्या आवडत्या गाणारीशी आपलं काही जुळतंय, ह्याचा मला केवढा अभिमान वाटला!

आईने विचारलं, सर्दी झालीय का तुला?

१९ ऑक्टोबर

वरचे सूर लागत नाहीत. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, घसा स्वच्छ म्हणाले. चार दिवस मौन पाळा. मी आणि मौन! आईला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, तू लांबून बोलतेयस गं, फोन जवळ धर. फोन ओठांना टेकलेला होता.

आज ताईने स्वयंपाकघरातून मला चहाला हाक मारली. मी जिन्यात थबकले. मी इथे उभी आणि तिकडून मीच हाक मारतेय, असं वाटलं.

२३ ऑक्टोबर

अबोलीने मला हाताला धरून तिच्या खोलीत नेलं. जुन्या फोनवर काहीतरी लावलं. कुणी मुलगी खिदळत होती. सूर चुकल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घालत होती, मास्तरांची नक्कल करत होती. मग गायली. पहिल्या अल्बमचाच आवाज.

अबोलीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

देवा रे.

ड्रमवाल्याला गाठलं. तो माझ्याकडे बघेना. एवढंच म्हणाला, ती पण फार बोलायची.

२४ ऑक्टोबर

बाकीची गाणी पुसून झाली. मास्तरला सांगितलं, उरलेलं शेवटचं गाणं मी गाणार नाही. तो चिडला नाही. कपात चहा ओतून दिला. सगळी म्हणाली होतीस ना? अर्धं ठेवलंस तर आवाज अर्धाच अडकेल, पुरं केलंस की अल्बम संपेल आणि ज्याचं त्याला परत मिळेल, असं म्हणाला.

अबोलीला का नाही मिळालं, हे विचारायचं होतं. घशातून नुसती हवा.

आता मला फक्त कुजबुजता येतं. फोनवर आई हॅलो हॅलो करत राहिली. मी काय करू? बुडत्याला काडीचा आधार —

२५ ऑक्टोबर

गायले. कुजबुजत गायले. पुसलं.

आता तोंडातून ब्रसुद्धा निघत नाही.

परत काही मिळालं नाही. मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

२६ ऑक्टोबर

माझा फोन ताईकडे आहे. दाराबाहेरून ऐकलं, आईशी बोलत होती. माझ्या आवाजात. माझ्यासारखंच भराभर, मध्ये श्वास न घेता. मी दार बडवलं. ताई आईला म्हणाली, ड्रमचा सराव चाललाय. वर तिला इकडे यायचं आमंत्रणही दिलं.

लिहिणं हेच आता माझं बोलणं. पण आईला वाचून कोण दाखवणार?

२८ ऑक्टोबर

आई आली. शेजारच्या काकांनी गाडीतून आणून सोडलं आणि ते बाहेरच थांबले.

मी धावत खाली गेले, तिचा हात घट्ट धरला. तिने माझी बोटं चाचपली. थांबली. परत चाचपली. तिचे ओठ हलले — ती हाक मारणार होती, मला माहीत आहे —

इतक्यात मागून ताई. अगं आई, ती आमची नवी अबोली, बिचारी बोलत नाही.

आईने माझ्या गालावरून हात फिरवला. अरेरे, म्हणाली. मग आवाजाकडे वळली.

मास्तरने मला वर आणलं. बाहेरून कडी.

खिडकीतून दिसतंय. ताई तिच्याबरोबर निघालीय. घरी. माझ्या घरी —

फाटकापाशी आई थांबली. ताईचा हात हातात घेतलाय. बोटं चाचपतेय. एकेक. कपाळाला आठी पडली.

हो आई. तो माझा नाही. नीट बघ गं. नीट —

काचेवर मुठी मारतेय. कुणी वर बघत नाही. जिन्यावर मास्तरची पावलं —

ताई वाकली. आईच्या कानाशी काहीतरी बोलली. आणि आई हस