ती करायची ती कोंबांची भाजी

२ जुलै

परत तेच. ताटात वरण-भात, गिलक्यांची भाजी, कडेला लोणच्याची फोड — आणि ह्यांनी ताट हळूच पुढे सरकवलं. रागाने नाही. परक्या घरी नको असलेलं ताट सरकवतात तसं. म्हणाले, कोंबांची भाजी कर.

कसले कोंब, मी विचारलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू मीच काहीतरी विसरते आहे!

चाळीस वर्षांच्या वर संसार झाला. जळगावच्या ह्या मेहरूणच्या घरात काय किंवा त्याआधी अमळनेरला सासूबाईंच्या हाताखाली काय, मी कोंबांची भाजी कधी केलेली नाही.

३ जुलै

दुपारी भाताचे दोन घास. संध्याकाळी तेही नाही.

५ जुलै

डॉक्टरांकडे नेलं. वजन आणखी उतरलंय. ते म्हणाले, हे विसरणं आता मागे फिरणार नाही, नवं आधी पुसलं जातं आणि जुनं शेवटपर्यंत राहतं. जे मागतील ते करून घाला, असंही म्हणाले. करून घालायला ना नाही. पण काय?

रिक्षात बसताना ह्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, शाळा भरनी का? निवृत्त होऊन किती वर्षं झाली. हिलाल गुरुजी म्हणून सगळ्या शाळेत नाव होतं ते शुद्ध बोलण्याबद्दल. अहिराणी बोलणाऱ्या पोराला उभं करून वाक्य परत म्हणायला लावायचे. घरी मलाही सोडायचे नाहीत. आणि आता स्वतःच्या तोंडून अहिराणीशिवाय काही निघत नाही.

६ जुलै

रात्री एकदम वाटलं, कोंब म्हणजे मोड असतील! मटकी भिजत घातली होतीच. मोड आणून उसळ केली.

बघून हसले. कितीतरी दिवसांनी हसले, तेही मला.

८ जुलै

आज थोडा उलगडा झाला. की आणखी गुंता झाला, कळत नाही.

सकाळी मी गवार मोडत बसले होते. शेजारी येऊन बसले. एक शेंग उचलली, दोन्ही टोकं चिमटीत धरून वाकवली. ती मोडली तशी वरचा तुकडा ठेवला, खालचा फेकला. सांगायला लागले. कोंब जिथे आपणहून तुटतो तिथवरच घ्यायचा, खालचा नुसता चोथा. तवा कडक तापू द्यायचा. लसूण ठेचून. वर झाकण नाही घालायचं. तेवढं सांगून झाल्यावर गवारीची शेंग कच्चीच चघळली.

दिपमालाला धुळ्याला फोन लावला. लेक कॉलेजात शिकवते, तिला दहा गोष्टी माहीत. ऐकल्याबरोबर म्हणाली, आई, ही तर शतावरी. हॉटेलात अ‍ॅस्परॅगस म्हणून देतात तिच्याच कुळातली. जळगावात मोठ्या दुकानात मिळेल, बघ.

शतावरी मला फक्त बाळंतिणीला दुधातून देतात ती पावडर म्हणून माहीत. तिची भाजी कोण करतं?

१० जुलै

मिळाली. रबर लावलेली जुडी, हिरव्या पेन्सिलींसारखी, टोकाला मिटलेली कणसं. शेजारची रूपाली बरोबर होती, ती म्हणाली मोठे लोक हे लोणीबिणी घालून खातात की काय कोण जाणे.

ह्यांनी सांगितलं तसंच केलं. एकेक काडी वाकवली. जिथे मोडायची तिथे टचकन मोडत होती, खरंच! धुऊन पुसून घेतली, कारण ओली टाकली की तेल उडतं. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. शेंगदाण्याचं तेल, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, मग सगळ्या काड्या एकदम. मोठ्या आचेवर नुसतं परतायचं. रंग आधी गडद होतो, मग कुठे कुठे तपकिरी डाग पडतात. मीठ शेवटी. वरणाला फोडणी बसेपर्यंत भाजी झालीसुद्धा. तोंडी लावायला इतकी सोपी भाजी मी आजवर पाहिली नव्हती.

खाल्ली! भाकरीबरोबर खाल्ली, एक तुकडा ताटात राहिला नाही. मला इतका आनंद झाला की मी उभ्याउभ्याच विचारलं, जमली का?

"चांगली शे," म्हणाले. "पन ती करे तशी नही."

ती कोण?

उत्तर द्यायला वेळ लागला नाही. एरवी माझं नाव आठवायला किती वेळ लागतो! म्हणाले, "ती. चूलपुढे बशीसन गानं म्हने."

मला गाणं येत नाही. आरतीलासुद्धा मी नुसते ओठ हलवते.

११ जुलै

लिहू का नको, कळत नाही. लिहितेच. इथे कोण वाचणार आहे.

ह्यांची पहिली नेमणूक शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही तिथे गेले होते. पण थोडेच दिवस — असं सगळे सांगतात. मला आठवतं ते एवढंच की छप्पर गळायचं आणि कंदिलाच्या काचेला काजळी धरायची. मग ताप. मेंदूत गेलेला ताप. सातवा महिना होता. शुद्धीवर आले ती अमळनेरलाच, पण माहेरी, आईच्या घरी. बाळ गेलं, आई म्हणाली, आणि पुन्हा ह्या घरात त्याचं नाव काढायचं नाही. कुणी काढलं नाही. ह्यांनीही नाही. तापाआधीचे ते सगळे दिवस धुतल्या पाटीसारखे झाले, परत कधी आले नाहीत.

त्यानंतर मला तिकडे पाठवलंच नाही. मी सासूबाईंजवळ, हे पाड्यावर एकटे. चार-एक वर्षं, बदली होईपर्यंत.

एकटे होते ना?

१२ जुलै

आज परत तीच भाजी केली. करताना सारखं वाटत होतं, कुणा दुसरीच्या चुलीपुढे बसले आहे. मीठ जास्त पडलं.

१३ जुलै

मी स्वतःला विचारते, बासष्ट वर्षांच्या बाईने कशाला मनाला लावून घ्यायचं? ती असेल तर आता तीही म्हातारी असेल. नसेलही. आणि ह्यांना जाब काय विचारू, ज्यांना आजचा वार सांगता येत नाही!

पण रात्रभर कूस बदलत होते. आणि हे शांत झोपले होते, तोंडावर हसू.

धुळ्याला जायचं ठरवलं. दिपमालाला सांगितलं, ह्यांना थोडा बदल. तिला खोटंच सांगितलं असं नाही. अर्धंच सांगितलं.

१५ जुलै, धुळे

जाऊन आले. आल्याबरोबर लिहायला बसले.

ह्यांना दिपमालाजवळ ठेवलं. जावई भूषणरावांना म्हटलं, रानातली शतावरी खरी गुणाची, पायथ्याच्या गावात मिळेल. ते बिचारे लगेच गाडी काढून निघाले. शिरपूर सोडल्यावर मी काचेतून बघत होते, काही ओळखीचं दिसतं का. काही नाही. डोंगर डोंगरासारखे. पाड्यावर शाळा आता सिमेंटची, मोठी. पुढच्या घरी विचारलं, जुन्या काळी हिलाल गुरुजी होते ते आठवणारं कुणी आहे का? आम्हाला एका अंगणात नेलं. खाटेवर एक म्हातारी बसली होती, सुपात नागली निवडत. बिजलीबाई नाव.

भूषणराव भाजीचं बघायला तिच्या सुनेबरोबर मागे गेले, तेवढ्यात मी विचारून टाकलं. गुरुजींना इथे जेवण कोण करून घालायचं? कोंबांची भाजी कोण करायचं?

तिने सूप खाली ठेवलं. माझं तोंड निरखून बघितलं. मला वाटलं, आता नाव सांगेल. मी पदर घट्ट धरला होता.

"तूच रांधे ना वं, मंजुळा," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही, तुमची चूक होतेय, मी इथे थोडेच दिवस होते.

"कोनी सांगं तुले? अखाजीले उनी, पोळा व्हयना मंग गई. बठ्ठा पानकळा तू आठेच व्हती."

अक्षय्य तृतीयेपासून पोळ्यापर्यंत! सगळा पावसाळा! मी खाटेवर तिच्याशेजारी बसले.

मग ती सांगत गेली आणि मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तशी ऐकत राहिले. कोंब कुठे फुटतात ते तिनेच मला दाखवलं होतं. काटे हाताला लागले की मी तोंडात बोट घालून हसायचे. संध्याकाळी चूल पेटवली की माझी गाणी सुरू — जात्यावरची, लग्नातली, येतील ती सगळी. पाड्यावरच्या बाया ऐकायला दाराशी बसायच्या आणि गुरुजी बाहेर वह्या तपासायचं सोंग करून ऐकायचे. मग ताप चढला. मला बैलगाडीत घालून शिरपूरच्या दवाखान्यात नेलं, नाल्यापर्यंत माझं डोकं बिजलीबाईच्या मांडीवर होतं. पुढचं तिला माहीत नाही. नंतर गुरुजी एकटेच परत आले. चूल त्यांनी परत पेटवली नाही, शेवटपर्यंत हिच्या घरून भाकरी नेत राहिले.

मी म्हटलं, मला गाणं येत नाही, बाई.  ती माझा हात हातात घेऊन बसून राहिली.

म्हणजे मी माझ्याच नावाने जळत होते. हसावं की रडावं? सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटत नाही. ती जी गायची ती पोरगी कोण? ती मी असेन तर ती गेली कुठे? आणि हे एवढी वर्षं तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला त्रास होईल म्हणून? की मी तीच आहे हे त्यांनाही कधी पटलं नाही म्हणून?

अमळनेरच्या त्या घरातलं आता कुणीच उरलं नाही. विचारायचं कुणाला?

१६ जुलै

बिजलीबाईने कोंब दिलेत. बारीक, दोऱ्यासारखे, टोकं वाकलेली. दुकानातल्या जाड काड्या बघून ती हसलीच असती. निघताना बजावलं होतं, हे कडू असतात, आधी उकळत्या पाण्यातून काढ, पिळून घे, मग तव्यावर. उद्या करीन. आज धीर होत नाही.

१७ जुलै

केली. दिपमाला कॉलेजला गेली होती, घरात आम्ही दोघंच. पाण्यातून काढली, पिळली, लसणावर परतली. ह्यांनी ताट पुसून खाल्लं. विचारलं नाही मी, जमली का. त्यांनीच मान डोलावली.

मी ताट उचलताना जोरात वाजलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू," म्हणाले. "पोरगी निजी गई."

मला वाटलं दिपमालाबद्दल. ती कॉलेजात आहे, म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दोन्ही तळहात जवळ आणून ओंजळ केली, एवढीशी, आणि मला दाखवली. "शिरपूरनी," म्हणाले.

बाळ गेलं, असंच सगळे म्हणाले होते. मुलगी होती, ह्यांनी तिला हातात घेतली होती — हे मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

मी ताट खाली ठेवलं. त्यांच्याजवळ बसले आणि अगदी हळू विचारलं, दिसते कशी?