एकवीस दिवस पांढरं

४ फेब्रुवारी
जमलं! चिमूटभर पांढरी पूड. आधीच्या तिन्ही खेपा वाळता वाळताच तपकिरी पडल्या होत्या. आज माझ्या मार्गदर्शक मॅडमची जुनी युक्ती आठवली – स्पिरिटनं धुतली, पाच मिनिटांत कोरडी. बाटलीवर लिहिलं: शिसं, अधिक चार.

हे म्हणाले, "एवढ्याशा पुडीला दीड वर्ष?" म्हटलं, तुम्हाला लग्नाला हो म्हणायला दोन लागली!

५ फेब्रुवारी
पांढरीच.

९ फेब्रुवारी
एकवीस दिवस टिकली की प्रबंध सादर. सत्तेचाळिसाव्या वर्षी! मुदत महिनाअखेर संपते. सबळ कारणाशिवाय आता वाढवून मिळणार नाही, असं कार्यालयानं स्पष्ट सांगितलंय.

घरी सगळ्यांना समजावलं. शिसं दोन इलेक्ट्रॉन सहज सोडतं, पुढची जोडी मात्र घट्ट धरून बसतं. चारही काढून घेतले तर ते कासावीस होतं, भेटेल त्याच्याकडून दोन ओढून घेतं आणि पुन्हा दोनवर येऊन निवांत बसतं. अशा पांढऱ्या पुडीत त्याला चारवर टिकवणं महाकठीण. तीस वर्षांपूर्वी मॅडमनी टिकवलं होतं, त्यावरच त्यांचं नाव झालं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोनवर सुखी आहे ना ते? मग कशाला छळतेस त्याला?" हसून हसून पुरेवाट झाली.

१० फेब्रुवारी
पांढरी. मी उगाच गुणगुणतेय म्हणे.

१७ फेब्रुवारी
सारांश वाचून परीक्षकांचं पत्र आलं – आयोडाइडची चाचणी जोडा. म्हणजे पूड आयोडाइड आणि स्टार्चच्या पाण्यात टाकायची. शिसं चारवर असेल तर आयोडीन मोकळं होतं आणि स्टार्च निळा पडतो; दोनवर असेल तर नुसता पिवळा साका बसतो. आहे चिमूटभर, त्यातली उधळू? मॅडम म्हणाल्या, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? चार बिघडलं की तपकिरी होतं. तुझं पांढरं आहे ना?" पटलं. तरी पत्राचा मान म्हणून शेवटच्या दिवशी करीन.

२५ फेब्रुवारी
एकविसावा दिवस. पांढरीशुभ्र! सकाळी बाटली सगळ्यांना दाखवत फिरले.

दुपारी चाचणी केली. निळं नाही. तळाशी नुसता पिवळाधमक साका. पुन्हा केली. तेच! हे चार नाही, दोन आहे.

वही काढून पायरी न् पायरी तपासली. मग लख्ख कळलं. पाणी लागलं की चार तपकिरी होतं, सगळ्यांची नजर त्याच रंगावर. पण स्पिरिट भेटलं तर त्याच्याकडून ते गुपचूप दोन इलेक्ट्रॉन घेतं, आणि दोनवरचं शिसंही पांढरंच असतं. हे मी स्वतः वर्गात शिकवते! म्हणजे पहिल्याच दिवशी, त्या पाच मिनिटांत सगळं उरकलं होतं. निवांत बसलेल्या दोनला मी तीन आठवडे तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. रडले. मग माझं मलाच हसू आलं.

आणि मग ध्यानात आलं – स्पिरिटनं धुवायची रीत मॅडमची आहे. म्हणजे त्यांनी टिकवलेलं चारही...?

२६ फेब्रुवारी
हे म्हणाले, "चाचणी करायला पूड उरली नाही म्हण. कोण बघतंय?" मी बघतेय ना! दीड वर्ष गेलं तर जाऊ दे. पण मॅडमना कोणत्या तोंडानं सांगू? जूनमध्ये निवृत्त होतायत. सत्कार ठरलाय.

सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग चष्मा पुसत राहिल्या. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, पण झोप मात्र छान लागेल असं वाटतंय.

२७ फेब्रुवारी
माझ्या आधी मॅडम प्रयोगशाळेत हजर. टेबलावर त्यांची तीस वर्षांपूर्वीची बाटली, लाखेचं सील फोडलेलं. शेजारी परीक्षानळीत पिवळाधमक साका. "मुदतवाढीचा अर्ज मी लिहिलाय," म्हणाल्या. "कारणाच्या रकान्यात माझी चूक घातलीय. तू फक्त सही कर."