बिनसहीची पोचपावती

वटार,
२१ जानेवारी २००४

प्रिय चंद्रहासराव,

वटारहून ऑगस्टीनचा आणि बेलाचा तुम्हां उभयतांना मनापासून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावाही त्याला सोबत द्यायला लागल्याचं मागच्या पत्रात होतं. वहिनी पथ्य पाळायला लावत असतील आणि तुम्ही ते मोडत असाल, असं धरून चालतो. आमच्याकडे केळी बरी आहेत, विहिरीला पाणी आहे, बेलाचा रक्तदाब तिच्या मर्जीप्रमाणे वरखाली आहे. ज्युडला न्यूझीलंडला जाऊन आठ महिने झाले. दर रविवारी आईशी फोनवर बोलतो. मी रिसीव्हर हातात घेतला की त्याचं कार्ड संपतं. जाण्याआधी आमच्यात केळीच्या वाडीवरून थोडी बोलाचाली झाली होती (त्याला तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, मला नको होत्या), हे तुमच्या कानावर आहेच. त्यानंतर मी त्याला पाच ई-मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही. उत्तराचं एक वेळ राहू द्या, त्याने ते उघडले तरी की नाही हेच कळत नाही, आणि माझा जीव सध्या तेवढ्यात अडकला आहे.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. चंद्रहासराव, आपण दोघांनी पोस्टात चौतीस वर्षं शिक्के मारले आणि टपाल म्हणजे काय ते आपल्याला कळलंच नाही हो! जाताना ज्युड जुना संगणक घरी ठेवून गेला आणि मला एक ई-मेलचा पत्ताही काढून देऊन गेला. मी रोज सकाळी नाश्ता झाला की पेटी उघडायचो. ज्युडचं काही नसायचं, पण इतरांचं मात्र भरघोस. कोणी माझ्या डोक्यावर केस उगवून देणार होता, कोणी घरबसल्या डॉक्टरेट देणार होता, एक बाई तर आपले फोटो दाखवायला तयार होत्या (बेला शेजारीच कोथिंबीर निवडत होती). आता आलेलं टपाल न उघडता टाकून देणं माझ्या हातून व्हायचं नाही, हे तुम्ही जाणता. मी प्रत्येक पत्र उघडलं, वाचलं आणि रीतसर उत्तर दिलं. केसांचं पत्र कुणा रॉबर्टच्या नावाने होतं. गावात रॉबर्ट तीन. तिघांच्या घरी जाऊन विचारून आलो. एकानेही केस मागवले नव्हते, आणि तिसऱ्याच्या बायकोला त्याने ते चोरून मागवले असावेत असा संशय आला, तो अजून गेलेला नाही. मग मी नियमाप्रमाणे लिहून पाठवलं, की या नावाचा इसम या पत्त्यावर राहत नाही, सबब परत. अशी मी साठ-सत्तर पत्रं परत केली.

परिणाम असा झाला की रोजची दहा पत्रं होती ती चाळीस झाली. एके दिवशी पाटी आली, पेटी भरत आली आहे, यापुढे येणारं टपाल परत जाईल. समजा, नेमकं त्याच दिवशी ज्युडने लिहिलं आणि बापाच्या दारातून त्याचं पत्र परत गेलं तर? तो काय समजेल? म्हणून टिफनीला बोलावलं. (माझ्या थोरल्या भावाची मुलगी, नायगावला नव्या बिल्डिंगमध्ये राहते, अंधेरीला संगणकाच्या कंपनीत आहे.) तिने माझी उत्तरं वाचली आणि बराच वेळ हसत बसली. मग म्हणाली, काका, एकालाही उत्तर देऊ नका. मी बंद केलं. महिनाभर एक अक्षर लिहिलं नाही, नुसतं उघडून वाचायचो. चाळीसाची साठ झाली!

मी पुन्हा टिफनीला बोलावलं, तेव्हा तिने खरी मेख सांगितली. ई-मेलमध्ये जे चित्र दिसतं ते म्हणे पत्रात नसतंच. ते पाठवणाऱ्याकडेच असतं. आपण पत्र उघडलं की आपला संगणक आपल्याला न विचारता तिकडे धावतो आणि ते घेऊन येतो. प्रत्येकाच्या पत्रातल्या चित्राला वेगळा नंबर. नंबर अमुकचं चित्र कोणी मागितलं, म्हणजे वटारच्या ऑगस्टीनने पत्र उघडलं, किती वाजता उघडलं, कितीदा उघडलं, सगळी नोंद तिकडे तयार. मी विचारलं, ज्या पत्रात चित्र नाही त्याचं काय? तर ती म्हणाली, त्यातही असतं, एका ठिपक्याएवढं, पांढऱ्यावर पांढरं. मी भिंग लावून बघितलं. काही दिसलं नाही.

चंद्रहासराव, ही पोचपावती आहे! रजिस्टर पत्राच्या त्या कार्डावर एक सही मिळवायला आपले पोस्टमन किती उन्हातून फिरले? मटिल्डामावशी आठवते? दाव्याची नोटीस घ्यायला लागू नये म्हणून पोस्टमनची सायकल दिसली की केळीत शिरायची. तीन आठवडे सरकारला तिने दाद दिली नाही. आणि इथे ना पोस्टमन, ना शाई, ना अंगठा, आणि सही केल्याचं सही करणाऱ्यालाही माहीत नाही! पेन्शनवाल्यांना मी जिवंत आहे हे पटवायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन जावं लागतं, आणि केस विकणाऱ्या कुणा परक्या माणसाला ते रोज सकाळी सव्वानऊला कळतं. मला राग यायला हवा होता. टिफनीला आलाच. पण मला खरं सांगायचं तर हात जोडावेसे वाटले. ज्याने हे शोधलं तो आपल्या खात्यात असता तर कुठल्या कुठे गेला असता.

टिफनीने आता चित्रं आपोआप येणं बंद केलं आहे. चित्राच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ओळखीच्या माणसाचं पत्र असेल तरच मी परवानगी द्यायची. कचरा हळूहळू कमी होतो आहे, पेटीत जागा झाली आहे. तुम्हीही तुमच्या घरच्या संगणकावर हे करून घ्या. आपण कोणतं पत्र कधी उघडतो हे दुसऱ्याने चोरून बघणं वाईटच. वहिनींना नमस्कार, क्षितिजाला आशीर्वाद.

तुमचा,
ऑगस्टीन

ता. क. राजेळी केळ्यांचा घड आमच्या गावातल्या कॉन्रॅडच्या गाडीतून पाठवतो आहे. पिकेपर्यंत वहिनींच्या ताब्यात ठेवा.

ता. क. २. तुमची क्षितिजा पुण्यात वेबसाइट बनवते ना? तिला तो पांढरा ठिपका बनवता येईल का? एकच पुरे. ज्युडच्या पुढच्या पत्रात घालायचा आहे. (टिफनीला सांगता येत नाही, ती त्याला लगेच कळवेल.) उत्तर नको मला. त्याने उघडलं एवढं कळलं तरी मी गप्प बसेन. वर चोरून बघण्याबद्दल लिहिलं आहे ते परक्यांना लागू.

ता. क. ३. चंद्रहासभावजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. ठिपका बिलकूल पाठवू नका. ज्युडने पाचही पत्रं उघडली, मला फोनवर वाचूनही दाखवली. त्यांत केळी आहेत, विहीर आहे, टिफनीची नोकरी आहे. जाताना दारात उभं राहून यांनी त्याला सांगितलं होतं, पुन्हा मला पत्र लिहायचं नाही. पोरगा आयुष्यात पहिल्यांदा बापाचं ऐकतोय, दुसरं काही नाही. तेवढं वाक्य मागे घेतो असं एक ओळीचं पत्र लिहायला यांना सांगा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. — बेला