ठमीला बघायला येताहेत

दादा,

चार वाजता बेकरीवाल्या बाई आपल्या तीन पायांच्या मांजरीला, ठमीला, बघायला येताहेत. आवडली तर कायमची घरी नेतील. मी मुद्दाम बाहेर चाललेय. आधीच्या सहाही जणांना उलटतपासणी घेऊन मीच पळवलं, हे तुझं म्हणणं खरं आहे.

त्यांना चहा दे. ठमी कपाटाखाली घुसेल, तिला ओढून काढू नकोस. बाई खाली जमिनीवर बसून तिची वाट बघायला लागल्या, तर खुशाल देऊन टाक. सोफ्यावरूनच 'बिच्चारी' म्हणाल्या, तर माझ्या नावाने हाकलून दे. मला वाटतं, या बसतील.

तिचा मळका टॉवेल सोबत दे. धुवू नकोस, त्या वासाशिवाय तिला झोप लागत नाही.

संध्याकाळी माझे डोळे सुजलेले दिसले, तर तो आनंद समज आणि गप्प बस.

धाकटी