डोंगर कोणी नेला

१२ जानेवारी, सोमवार

स्कूटी आज पाचव्या किकला सुरू झाली. बालाघाटहून भरवेलीच्या खाणीवरच्या शाळेत पोचेपर्यंत बोटं गारठून लाकडं. दिवसभर शाळेत हिंदी, घरी ह्यांच्याशी निम्मी हिंदी. मराठी उरली ती या वहीत, म्हणून थंडी असो की ताप, चार ओळी लिहायच्याच.

जिल्ह्याकडून इंग्रजी गोष्टींची पुस्तिका आली. आमच्या वाट्याला चीनची लोककथा. नव्वद वर्षांचा म्हातारा, दारासमोर डोंगर, तो घरच्यांना घेऊन डोंगर खणून हलवायला निघतो. शेजारी हसतो. म्हातारा म्हणतो, मी मेलो तर पोरं खणतील, मग नातवंडं. डोंगर काही वाढणार नाही. शेवटी देव खूश होतो, दोन बलवान पाठवतो, ते डोंगर उचलून नेतात.

३० तारखेला तपासणी. तिसरीच्या प्रत्येक मुलाने ही गोष्ट इंग्रजी (यापुढे इं.) मध्ये सांगायची. ज्यांना नाही जमणार ते नव्या सत्रात इं. च्या तासाला पहिलीच्या खोलीत बसणार. बडे सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी (यापुढे ब.स.), पेन्सिलने चार नावं काढून ठेवलीत. पहिलंच पल्लवीचं.

गेल्या वर्षीही तिला त्या खोलीत बसवलं होतं. एवढ्याशा बाकावर गुडघे छातीला लागायचे. दोन महिन्यांनी शाळेत यायचीच बंद झाली. आजीने हाताला धरून आणून सोडली. या खेपेला परत आणता येईल असं आजीलाही वाटत नाही.

आणि शिकवणार कोण, तर मी. माझं स्वतःचं इं. असं की बँकेत फॉर्म भरताना घाम फुटतो.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीचे लाडू डब्यात, उत्साह अंगात. आज गोष्ट सांगितली. खूप नाटक केलं. कंबर वाकवून म्हातारा झाले, फुटपट्टीची कुदळ केली. वाटलं, डोंगर हलवायची गोष्ट ऐकून पोरं हसून लोळतील.

कोणी हसलं नाही. सगळी गंभीर. मग एकेक प्रश्न, हिंदीत.

"मैडम, माल कहाँ डाला उसने?"

"शिफ्ट कितने घंटे की थी?"

"बारूद नहीं थी क्या उसके पास?"

खाणीवरची पोरं. माल म्हणजे मँगनीजचा दगड, एवढं मलाही माहीत आहे. पण ही चिनी म्हाताऱ्याकडे हिशेब मागत होती, जणू तो त्यांच्याच कॉलनीतला आहे आणि काम नीट करत नाही.

तेवढ्यात पल्लवी उठून, तिच्या घरच्या मराठीत: "त्यात काय, मॅडम. माह्या आजीनं उचलला न डोंगर."

आता वर्ग हसला. मलाही राग आला, माझ्या एवढ्या नाटकावर पाणी पडलं म्हणून. म्हटलं, खोटं बोलू नकोस, उभी राहा. तास संपेपर्यंत उभी होती. मान खाली नाही, नजर सरळ माझ्याकडे.

हे बरं केलं नाही मी.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

सहज विचारलं, खणणं याला इं. मध्ये काय म्हणतात? कोणीच नाही. मग म्हटलं, बाबा कामावर जातात तिथले शब्द सांगा, कुठल्याही भाषेतले. कोणीतरी म्हणालं, शिफ्ट. लिहिलं. दुसरं, ड्रिल. लॅम्प. हेल्मेट. ब्लास्ट. होल. ट्रॉली. लेव्हल. केज. पंप. बेल्ट. सेफ्टी फर्स्ट. अंडरग्राउंड. खडू मोडला. फळा भरला, तरी थांबेनात. मी मागच्या भिंतीवर लिहायला लागले. भिंतीवर लिहू नका, असं वर्षभर त्यांना ओरडणारी मीच.

त्रेपन्न शब्द. सगळे इंग्रजी. त्यातले एकवीस पल्लवीचे.

मी खुर्चीवर बसले. ज्यांना आम्ही कोरी पाटी समजत होतो, ती मुलं रोज संध्याकाळी भाकरीबरोबर हे शब्द खात होती. आम्ही कधी विचारलंच नाही.

पल्लवीला म्हटलं, हे सगळं इंग्रजी आहे, माहीत आहे का?

"नाही मॅडम. आमाले वाटे का हे खाणीचं आहे."

१९ जानेवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत पल्लवीची आजी आली. द्रौपदाबाई. बुटकी, मान मात्र इतकी ताठ की आपणच सरळ उभं राहावं. हातात कापडाची चुंबळ, काळी पडलेली. ती माझ्या टेबलावर ठेवली, हजेरीच्या वहीवरच.

"माही नात खोटी नाही बोलत. ह्याच्यावर नेला डोंगर. मी, माही सासू, आन पन्नास बाया."

आजी, बसा ना, म्हटलं. बसल्या नाहीत. मला हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेल्या.

समोर टेकड्यांची रांग आहे, मध्ये मोठी फट. अकरा वर्षं त्या फटीतून सकाळचं ऊन थेट माझ्या फळ्यावर येतं, अक्षरं दिसत नाहीत. म्हणून मी खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं आहे.

आजींनी काठी उचलली आणि आभाळात रेघ काढली. या टेकडीपासून वर, खूप वर, मग खाली त्या टेकडीपर्यंत. "एवढा होता. तिथं वरती मोहाचं झाड होतं. मी लगन होऊन आली तवा आमच्या घरी ऊन दहा वाजता ये."

मी बघत राहिले. काठी खाली आली तरी बघत राहिले. जिथे काहीच नाही तिथे एवढं मोठं काहीतरी मला दिसायला लागलं, मोहाच्या झाडासकट.

शेवटी म्हटलं, आजी, चुकलं माझं.

"हौ," त्या म्हणाल्या. एवढंच.

घरी यायच्या आधी खिडकीचा कागद फाडून टाकला. डिंकाचे डाग राहिलेत.

२१ जानेवारी, बुधवार

आजींना वर्गात बोलावलं, इं. च्या तासाला. ब.स. ना सांगितलं नाही.

त्या बोलल्या, मी तोडकंमोडकं इं. केलं, मुलांनी म्हटलं. खाणीच्या मालाने टोपली भरायची. उचलायची. उतारावरून चालायचं. रिकामी करायची. परत यायचं. शी फिल्ड द बास्केट. शी वॉक्ड. शी केम बॅक. मग पुन्हा? मुलांना शब्द हवा होता. दिला: अगेन.

तो शब्द त्यांनी असा काही उचलला! शी वॉक्ड अगेन. शी वॉक्ड अगेन. अठ्ठावीस गळे. आजी चालून दाखवत होत्या, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर माझी कचऱ्याची टोपली, हात सोडलेले. पाऊल कसं पडत होतं! वर्गात या टोकापासून त्या टोकापर्यंत अठरा पावलं, टोपली हलली नाही. पोटात सहा महिन्यांचं पोर असतानाही अशाच चालायच्या, म्हणाल्या. तेच पल्लवीचे वडील. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग घोळ झाला, माझ्यामुळेच. पुस्तिकेतला शेवट सांगायचा राहिला होता. तो सांगितला, आजींसाठी मराठीतही. देव खूश झाला, त्याने दोन बलवान पाठवले, त्यांनी एका रात्रीत डोंगर उचलून नेला.

आजी थांबल्या. टोपली उतरवली.

"कोनता देव?"

मी म्हटलं, आजी, गोष्ट आहे ती.

"मी तं रोज तिथंच होती. मले तं नाही दिसला." चुंबळ कमरेला खोचली. "काम बायायचं आन नाव देवाचं. वा रे वा."

चहा मागवला होता. न घेता गेल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

ब.स. ना सगळं सांगितलं. शेवट बदलू का, विचारलं. ते वाईट नाहीत, कागदाला घाबरतात. तपासणीचा कागद पुढे सरकवला. पाच रकाने, गोष्टीच्या पाच टप्प्यांचे. पाचवा: शेवट पुस्तिकेप्रमाणे सांगितला, होय किंवा नाही. पाचही 'होय' असतील तरच मूल पास.

"मैडम, कहानी को कहानी रहने दीजिए. लड़की का साल मत बिगाड़िए."

खरंच आहे ते. सुट्टीत पल्लवीला बसवून घोटून घेतलं. द गॉड वॉज हॅपी. ही सेंट टू स्ट्राँग मेन. दहा वेळा म्हणाली, एकदाही चुकली नाही. पहिली चार वाक्यं डोळे मोठे करून, हात हलवून. पाचवं आलं की डोळे मिटून. कडू औषध गिळतात तसं.

मी शाबास म्हटलं. लाज वाटली.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. पालक आलेले, आजी तिसऱ्या रांगेत. माझ्याकडे बघत नव्हत्या. बुंदी वाटून झाल्यावर आपणहून जवळ आल्या.

"मॅडम, पोरीले देवच म्हनू द्या. मी सांगून देल्लं तिले."

मी म्हटलं, आजी, पण तुम्ही...

"मले नाव घेऊन काय कराचं आहे आता? डोंगर तं गेला. पोरगी तेवढी त्या लहान पोरायच्या खोलीत नाई बसली पाह्यजे. मंग मी बी नाई आनू शकत तिले परत."

हातातली बुंदी तशीच घेऊन उभ्या होत्या. खाल्ली नाही. नातीसाठी फडक्यात बांधली. पन्नास बायकांचा डोंगर या बाईने उभ्या उभ्या देवाला देऊन टाकला, आणि वर मलाच धीर दिला. मी वाकून नमस्कार केला. सगळे बघत होते, बघू देत.

३० जानेवारी, शुक्रवार

तपासणी झाली. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या वाटेल मीच रचलं.

जिल्ह्यातून आलेल्या बाई माझ्याच वयाच्या, चष्मा, थकलेल्या. मुलं एकेक करून येत होती, त्या न बघताच रकान्यांत खुणा करत होत्या. पल्लवी सतरावी. वेण्यांना नवीन रिबिनी.

अॅन ओल्ड मॅन लिव्ह्ड निअर अ बिग माउंटन. खूण. ही सेड, लेट अस डिग. खूण. हिज नेबर लाफ्ड. खूण. द माउंटन डज नॉट ग्रो. हे म्हणताना हात असा खाली दाबला की बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. खूण.

पाचवं. पल्लवीने डोळे मिटले. द गॉड...

थांबली. डोळे उघडले. खिडकीतून ऊन येत होतं, तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण ना बाई, म्हण.

"नो गॉड केम," पल्लवी म्हणाली. "माय ग्रँडमदर केम. शी फिल्ड द बास्केट. शी वॉक्ड. शी केम बॅक. अगेन. अगेन. अगेन."

हे मी घोटून घेतलेलं नव्हतं. शब्द वर्गातले, पण वाक्यं तिने स्वतः मांडली, माझ्या डोळ्यांसमोर. अकरा वर्षांत माझ्या वर्गात कोणी इंग्रजीत स्वतःचं काही बोललं नव्हतं. मीही नाही.

बाईंचं पेन हवेत. "बेटा, किताब में तो ये नहीं है."

"नो मॅम." बोट खिडकीकडे. "देअर."

बाई उठल्या. खिडकीशी गेल्या. त्यांना काय दिसणार? दोन टेकड्या, मध्ये आभाळ. मला विचारलं, वहाँ क्या था? मी सांगितलं. मोहाच्या झाडापर्यंत सगळं सांगितलं. ब.स. दारातून मला खुणावत होते, पुरे. बाई उभ्याच होत्या, चष्मा हातात.

परत येऊन बसल्या. पाचव्या रकान्यावर पेन टेकवलं, उचललं. काही लिहिलं नाही. तो एक कागद गठ्ठ्यात न ठेवता घडी करून पर्समध्ये टाकला. "मैं ऊपर पूछकर बताती हूँ." मग, अठरावा.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी फाटकाशी आजी. पल्लवीने घरी काही सांगितलेलं नव्हतं.

"म्हटलं का तिनं, देव?"

नाही म्हटलं, आजी. सगळं सांगितलं मग.

आजी पल्लवीवर उखडल्या. "काहून वं! सांगतलं होतं ना तुले! काय गरज होती माही?" हातही उगारला. पल्लवी हलली नाही. तिची मान आजीसारखीच आहे, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. हात हळूहळू खाली आला आणि पदर तोंडावर गेला.

पदर खाली घेऊन मला म्हणाल्या, "कसं म्हनली ते? इंग्रजीत सांगा."

सांगितलं. माय ग्रँडमदर केम.

"त्यात मी कोनती?"

ग्रँडमदर.

तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. नीट नाही आलं. पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा सांगितलं. प्रार्थनेची घंटा झाली तरी आम्ही तिघी तिथेच.

निरोप आलेला नाही. ब.स. नी खोडरबर काढून टेबलावर ठेवलाय, पण यादीतलं नाव खोडलेलं नाही. म्हणाले, सोमवारी फोन करू. पल्लवी पहिल्या तासाला आपल्या जागेवर, खिडकीजवळ बसली. ऊन फळ्यावर आलं, अक्षरं दिसेनात. मुलं म्हणाली, मॅडम, कागद लावा ना. मी फळाच या भिंतीवरून त्या भिंतीला हलवून घेतला.