जिन्यासमोरची मांडणी

३ फेब्रुवारी, सोमवार

संपले! सकाळी लावलेले सगळे झगे संध्याकाळपर्यंत खलास. उद्या नवा माल येतोय.

जिन्यासमोरचा कोपरा मॅनेजर द्यायलाच तयार नव्हते — ‘शिकाऊ मुलीला दर्शनी जागा?’ पण कॉलेजचं प्रशिक्षण आहे, काहीतरी करू द्यावंच लागलं. मोठ्यांचे कोट हलवले आणि लहान मुलींचे नेटचे झगे लावले. खाली, मुलींच्या नजरेच्या रेषेत. आयांच्या नाही! मुली हात लावतात आणि सोडत नाहीत. मग आया काय करणार? पाटीही माझीच — ‘परीचा झगा’.

मॅनेजर म्हणाले, ‘परीक्षा झाली की इथेच या कायमच्या.’ आत्याला ऐकवायला हवं. तिचं आपलं एकच — ‘पदवी घेऊन कपडे टांगणार का?’

४ फेब्रुवारी

वहिनीनेही एक नेला. रविवारी भाचीचा, चिमणीचा वाढदिवस. पण अंगातून काढायलाच तयार नाही कार्टी!

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कॉलेजच्या लॅबमध्ये कापड ओळखायचं प्रात्यक्षिक. धागा जाळायचा — वास, राख, ज्योत बघायची. मी दुकानाने बाद केलेला एक फाटका झगा नेला होता. चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला. जवळच, लावलाही नव्हता — भस्सकन पेटला! हातभर कापड डोळ्यांदेखत गेलं. वितळून थेंब टेबलावर पडले, तेही जळतच. सगळ्या मागे सरकल्या.

बाई म्हणाल्या, ‘पुन्हा कर. एका तुकड्यावरून बोलू नये.’ पुन्हा केलं. अस्तरही पेटवून पाहिलं, तेही वितळलं. लेबलवर ‘सुती अस्तर’ लिहिलंय. सुती कसलं डोंबलाचं!

साबण लावून झाला, तरी हाताचा वास जात नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅनेजरना सांगितलं. आधी हसले. मग उठून केबिनचं दार लावलं.

‘मुलांना आगीजवळ नेतं कोण?’

‘वाढदिवसाला नेतात,’ म्हटलं. ‘मेणबत्त्या वाकूनच फुंकतात.’

ते पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, ‘मुख्य कार्यालयाला कळवतो. तोवर मांडणीला हात लावायचा नाही. आणि तुमच्या प्रशिक्षणाचा शेरा अजून मीच लिहायचाय.’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

बाईंकडे गेले. ‘चाचणीचा अहवाल मी पाठवते. पण दुकानात तू काही करू नकोस. त्यांनी दार बंद केलं तर पुढच्या मुलींना कुठे पाठवू?’ त्यांचंही खोटं नाही. पण चिमणीचा वाढदिवस परवावर आलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळीच दादाकडे गेले. चिमणी झगा घालूनच दूध पीत बसलेली. वहिनीला म्हटलं, काढ तो. ती उसळलीच — ‘वा वन्सं! तुम्हीच सजवायचा आणि तुम्हीच मोडता घालायचा?’

बोलून उपयोग नव्हता. झग्याबरोबर आलेला नेटचा पट्टा मागच्या अंगणात नेला आणि काडी लावली.

वहिनी बघत राहिली. मग आत धावली. चिमणीच्या अंगातून झगा ओढून काढला, बटणं तुटली. चिमणीने भोकाड पसरलं. वहिनी तिच्याहून जास्त रडली. डोळे पुसत मला म्हणाली, ‘आणि दुकानात टांगलेत ते?’

तशीच निघाले. दुकानात शनिवारची गर्दी. एका बाईंच्या हातात झगा, शेजारी मुलगी नाचतेय.

‘हा विकायचा नाही,’ मी म्हणाले.

‘का बरं?’

‘पेट घेतो.’

मोठ्याने बोलले असणार. सगळे वळले. मग मी थांबलेच नाही — एकेक झगा उतरवला, पुतळा उघडा केला, पाटी फाडली. मॅनेजर जिन्यावरून बघत होते. सावकाश खाली आले. ‘ओळखपत्र द्या.’

दिलं.

आईला अजून सांगितलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

मैत्रीण म्हणते, ‘नडला ना शहाणपणा!’ बाईंनी तासभर शिकवलं, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. प्रशिक्षण अपुरं म्हणजे वर्ष गेलं.

आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. ‘गेलं तर गेलं,’ म्हणाली आणि पुन्हा चिरू लागली. पण सगळे तुकडे लहानमोठे!

११ फेब्रुवारी

काही नाही. फोनकडे बघत दिवस गेला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मॅनेजरांचा फोन! कापड तपासणीत नापास. सगळ्या शाखांतून झगे उचलले. सोमवारपासून कामावर या, म्हणाले. मी उडीच मारणार होते —

‘पण विकले गेलेले?’ त्यांचा आवाज बसलेला. ‘कुणी नेले, कुठेच नोंद नाही. तुम्ही रोज तिथे उभ्या होतात. चेहरे आठवतात का?’

आठवतात. एकूण एक मुलगी हसत होती.