मनोरा कोणत्या बाजूला पडतो

वृंदावन योजना, लखनौ
४ फेब्रुवारी २०२६

ती. भावोजींस,
देवदत्तचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ताई निरोप अर्धाच देते, म्हणून हे पत्र. एकतीस मार्चला निवृत्त होतोय. समुद्रातल्या पवनचक्कीवर जहाज आदळलं तर काय होईल, हा शेवटचा अहवाल काल सही करून पाठवला. समुद्र पाहून चार वर्षं झाली आणि दिवसभर संगणकावर जहाजं आपटतोय! थकलो हो. जहाज नाकाने धडकलं तर मनोरा वाकतो, तुटलाच तर पलीकडे पाण्यात पडतो. जहाजाला धोका नाही, असं निघालं.

ताईला सांगा, खोली झाडून ठेव. इथवर पुरलेला लोभ पुढेही पुरवावा.

आपला, देवदत्त

रत्नागिरी
१६ फेब्रुवारी

चि. देवदत्त यास अ. उ. आ.

अर्धा निरोप देते म्हणतोस, तर हा पुरता घे. खोलीला रंग दिलाय, पुस्तकांना फळ्याही ठोकून घेतल्या.

आता ह्यांचं. तुझं पत्र ह्यांनी जेवतानाही पुढ्यात ठेवलं होतं. मग म्हणाले, लखनौला बसून जहाज चालवलं की असं होतं. चालतं जहाज बहुधा वळवता येतं. धडकतं ते इंजिन बंद पडलेलं, आणि ते आडवं वाहत येतं. कप्तान असताना ह्यांचं तीनदा वाहिलं, एकदाही नाक पुढे नव्हतं. तेव्हा माणसं डेकवर नांगराशी झटत असतात. मनोरा कोणत्या बाजूला पडतो तेवढं बघ, म्हणतात.

सही झालीय तर राहू दे, हे माझं.

तुझी वाट बघणारी, हेमाताई

लखनौ
९ मार्च

ती. भावोजी व सौ. ताईस सा. न.

लगेच लिहायचा धीर झाला नाही. आडवं जहाज घालून पाहिलं. माझ्याबरोबर आकडेमोड करणारी पिंकी पडद्याकडे बघत, हे तर डेकवरच येतंय, असं हिंदीत पुटपुटली. बुंधा ढकलला जातो, वरचं शेकडो टनांचं धूड मागे राहतं आणि जहाजावरच कोसळतं. चूक माझीच. माझ्या तक्त्यात जहाजाचं वजन होतं, वेग होता, माणसं नव्हती.

अहवाल परत मागवला. साहेब म्हणाले, तीन आठवडे उरलेत, कशाला उकरून काढता. सगळं पुन्हा तपासायला आठ महिने लागतील. तेवढी मुदतवाढ मागितली, मिळाली. म्हणजे इथला आणखी एक उन्हाळा. मला यायचं होतं गं ताई, फार यायचं होतं.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

देवदत्त

रत्नागिरी
२० मार्च

चि. देवदत्त यास अ. आ.

रागावले. दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही; विषय ह्यांनीच काढला ना! काल हे आपणहून समोर येऊन बसले. तिसऱ्यांदा वाहिलं तेव्हा जहाज धक्क्यावर गेलं आणि तिथली क्रेन डेकवर पडली. नांगराशी ह्यांचा खलाशी बाबुराव होता, ह्यांच्याच हुकमावरून. त्याला तेवीस वर्षं झाली, मला कधी सांगितलं नव्हतं. हे रडले, मीही रडले.

तू काम पुरं करूनच ये. उन्हात हिंडू नकोस.

सोबत एक कागद आहे. जहाज आडवं वाहताना कोण कुठे उभं असतं, ते ह्यांनी स्वतः फुल्या मारून दाखवलंय. अकरा फुल्या आहेत. एकीलाच नाव लिहिलंय.

तुझी, ताई